मुंगीचं सोंग, कोळ्याची जात

काजूच्या फांदीवरून तांबड्या मुंग्यांची रांग चालली आहे. गोव्यात-कोकणात कुणी त्यांना हुमले म्हणतं, कुणी ओंबील. पानं शिवून घरटी बांधतात म्हणून पुस्तकात त्या विणकर मुंग्या. या रांगेजवळ बोट न्या. हुमले मागे हटत नाहीत, पुढचं अंग उचलून जबडे उघडतात आणि बोटावर चढायला बघतात. पण एखादी ‘मुंगी’ मात्र बोट दिसताच फांदीच्या पलीकडच्या बाजूला सटकते, आणि फारच पिच्छा पुरवला तर एका धाग्याला लटकून खाली उतरते. मुंगी धागा काढत नाही. तो कोळी आहे.

हा उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला, म्हणजे साल्टिसिडी कुळातला. आजच्या यादीत त्याचं नाव मिर्माप्लाटा प्लाटालेऑइडिस आहे. 2016 पूर्वीच्या कुठल्याही पुस्तकात तो मिर्मारॅक्ने प्लाटालेऑइडिस म्हणून सापडेल, आणि 1869 साली पहिल्यांदा वर्णन झालं तेव्हा तो साल्टिकस प्लाटालेऑइडिस होता. कोळी तोच, आडनावं तीन. ही आडनावं का बदलतात, आणि त्याचा ‘हा कोळी कुठे-कुठे सापडतो’ या प्रश्नाशी काय संबंध, हे नीट उलगडलं तर वर्गीकरण म्हणजे नुसता लॅटिन नावांचा घोळ नाही हे कळतं.

आधी एका मराठी घोळाचा निकाल लावू. विश्वकोशात आणि विद्यापीठाच्या पुस्तकांत ‘जीनस’ला प्रजाती म्हणतात आणि ‘स्पीशीज’ला जाती. वर्तमानपत्रं मात्र सर्रास ‘नवी प्रजाती सापडली’ असं स्पीशीजबद्दल छापतात. या लेखात विश्वकोशाची रीत पाळली आहे. कूळ सगळ्यात मोठं, त्याच्या पोटात प्रजाती, प्रजातीच्या पोटात जाती. दोन शब्दी नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा.

सोंग कशाचं बनलेलं असतं

साल्टिसिडी हे कोळ्यांचं सगळ्यात मोठं कूळ. 6,000 हून जास्त जाती त्यात मोडतात. घराच्या भिंतीवर माशीमागे झेप घेणारा करडा कोळी याच कुळातला. ओळखण्याची खूण डोळ्यांत आहे. आठ डोळ्यांपैकी चार समोर, एका ओळीत, आणि त्यातले मधले दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे. कोळ्यांच्या दुसऱ्या कुठल्याही कुळात समोरून असा चेहरा दिसत नाही. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. या कोळ्यांच्या बाबतीत ते डोळ्यांना लागू पडतं. शिकार दिसायला हवी तर ते दोन मोठे डोळे झाकून चालत नाहीत, म्हणून भिंग समोर धरलं की सोंग तिथेच उघडं पडतं.

बाकी शरीराची मात्र या प्रजातीने पुरती मोडतोड केली आहे. कोळ्याचं अंग दोन भागांचं असतं, शिरोवक्ष आणि उदर. मुंगीचं तीन भागांचं दिसतं, डोकं, छाती आणि पोट. हे अंतर भरून काढायला कोळ्याच्या शिरोवक्षाला मध्येच एक खाच पडलेली असते, त्यामुळे डोकं आणि छाती वेगळी भासतात. शिरोवक्ष आणि उदर जोडणारा देठ इतर कोळ्यांत वरून दिसतही नाही, इथे तो लांब आणि बारीक असतो. हुमल्याची नक्कल करणाऱ्या जातीत डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक काळा डाग असतो, तो मुंगीच्या संयुक्त डोळ्याच्या जागी बसतो.

राहिल्या मिशा. मुंगीला सहा पाय आणि दोन मिशा, कोळ्याला आठ पाय आणि मिशा नाहीत. हिशोब जुळवायला कोळी पुढचे दोन पाय उचलून मिशांसारखे हलवतो. यावर बहुतेक लेखांत लिहिलेलं असतं की तो सहा पायांवर चालतो. ते चूक आहे. मिर्मारॅक्ने फॉर्मिकारिया या जातीचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की चालताना ती आठही पाय टेकवते, आणि थांबली की सेकंदाच्या दहाव्या भागाएवढ्या क्षणापुरते पुढचे पाय उचलते. हे थांबे इतके वारंवार आणि इतके छोटे, की आपल्या डोळ्यांना आणि बहुधा शिकाऱ्याच्याही डोळ्यांना ‘सहा पाय, दोन मिशा’ असं सलग चित्र दिसतं. चालही सरळ नसते. वासाचा माग काढणाऱ्या मुंगीसारखी ती डावी-उजवीकडे वळणं घेत जाते.

सोंगाची किंमतही आहे. बारीक पोटात अंडी कमी मावतात. आणि उडी मारणाऱ्या कुळात असूनही हे कोळी उडीत कच्चे आहेत. या कुळातले कोळी पायातल्या द्रवाचा दाब एकदम वाढवून मागचे पाय ताठ करतात, तीच त्यांची झेप. मुंगीसारखं लांबुळकं अंग आणि सडपातळ पाय या कामाला सोयीचे नाहीत. म्हणून हे शिकारीच्या अगदी जवळ जाऊन मग तिच्यावर पडतात, दुरून झेप घेत नाहीत.

नर आणखी विचित्र. त्याच्या तोंडापुढचे दोन जबडे, ज्यांना केलिसेरा म्हणतात, शेवटच्या कातीनंतर एकदम लांब होतात, कधी शिरोवक्षाएवढे. हे जबडे इतर नरांशी झुंजायला लागतात. मग मुंगीचं रूप बिघडत नाही का? बिघडतं, पण वेगळ्या दिशेने. नर आता ‘तोंडात दुसरी मुंगी धरून चाललेली मुंगी’ दिसतो. प्लाटालेऑइडिस या नावात प्लाटालिया आहे, ते चमचा पक्ष्याच्या प्रजातीचं नाव, म्हणजे शब्दशः ‘चमच्या पक्ष्यासारखा’. मुंग्या टाळणारे शिकारी या नरालाही टाळतात. पण मुंग्या खाणाऱ्या शिकाऱ्यांना ओझं घेतलेली मुंगी सोपं सावज वाटते, कारण तिचे जबडे गुंतलेले असतात, त्यामुळे ते उलट नरावर जास्त तुटून पडतात. वर भुर्दंड असा, की नराच्या लांब सुळ्यांत विष वाहून नेणारी नळीच नाही. तो शिकार भाल्यासारखी भोसकून धरतो.

हा कोळी हुमले खातो असंही ऐकायला मिळतं. मिर्माप्लाटा हुमले खात नाही, त्यांना चुकवत चालतो. हुमल्यांच्या आसपास राहिलं की इतर कोळी आणि प्रार्थना-कीटक फिरकत नाहीत, एवढाच त्याचा फायदा.

एकत्र कुटुंब आणि वाटणी

मिर्मारॅक्ने हे नाव विल्यम शार्प मॅकले या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने 1839 साली दिलं. ग्रीकमध्ये मिर्मेक्स म्हणजे मुंगी आणि अराक्ने म्हणजे कोळी. प्रजातीची नमुनेदार जाती मिर्मारॅक्ने मेलानोसेफाला, ‘काळ्या डोक्याची’. नमुनेदार जाती ही वर्गीकरणातली महत्त्वाची गोष्ट, तिला खुंटी समजा. प्रजातीचं नाव या खुंटीला बांधलेलं असतं. पुढे कितीही फोडाफोडी झाली तरी मेलानोसेफाला ज्या गटात राहील त्याच गटाला मिर्मारॅक्ने हे नाव राहतं. इतरांनी नवं नाव घ्यायचं किंवा अडगळीतलं जुनं काढायचं.

पुढची पावणेदोनशे वर्षं उष्ण प्रदेशांतून मुंगीसारखा दिसणारा कोणताही उडी-कोळी आला की तो बहुतेक वेळा याच नावाखाली जमा झाला. जातींची संख्या दोनशेच्या वर गेली. भारतातूनही भर पडली. 1915 साली नारायण यांनी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या नमुन्यांवरून अनेक जातींचं वर्णन केलं, त्यात एक मिर्मारॅक्ने सातारेन्सिस. 1973 साली भारतीय प्राणी सर्वेक्षणातले बी. के. टिकादर यांनी आणखी जाती जोडल्या, त्यात मिर्मारॅक्ने पूनाएन्सिस आणि मिर्मारॅक्ने मराठा आहेत. कोळ्यांच्या जागतिक यादीत सातारा, पुणे आणि मराठा अशी तीन नावं एकाच प्रजातीत बसली आहेत, ही गंमत फारशी कुणाला ठाऊक नाही.

घर मोठं झालं की कुरबुर सुरू होते. 1978 साली लंडनच्या म्युझियममधल्या फ्रेड वॉनलेस यांनी आफ्रिकेतल्या जातींचा कसून आढावा घेतला आणि प्रजाती न फोडता आत गट पाडले. ही सावध रीत. 2015 साली कॅनडातले वेन मॅडिसन यांनी डीएनए आणि शरीररचना यांच्या आधारे संपूर्ण साल्टिसिडी कुळाची नवी मांडणी दिली. तीत मिर्मारॅक्ने आणि तिचे भाऊबंद मिर्मारॅक्निनी या जमातीत (जमात म्हणजे कूळ आणि प्रजाती यांच्या मधली पायरी) आले आणि ती जमात अस्टिऑइडा नावाच्या मोठ्या शाखेत बसली. आणि 2016 साली पोलंडचे येझी प्रुशिन्स्की यांनी घराची वाटणीच केली. मिर्माप्लाटा, मिर्मापाना, मिर्माथेका, मिर्मावोला अशी कितीतरी नवी नावं आली. टॉक्सियस हे 1846 सालचं, कोपऱ्यात पडलेलं नाव पुन्हा वापरात आणलं. हुमल्याची नक्कल करणारा आपला कोळी मिर्माप्लाटात गेला.

सगळे खूश नव्हते. प्रुशिन्स्की यांच्या ‘व्यवहारी’ वर्गीकरणावर 2019 साली अनेक देशांतल्या तज्ज्ञांच्या एका गटाने जाहीर टीका केली. आक्षेप असा, की गट पाडताना वंशावळीचा आधार पुरेसा दाखवलेला नाही, चित्रांतल्या साम्यावर भर आहे. आमच्या मते आक्षेप रास्त आहे. ओळखायला सोयीचा गट आणि एका पूर्वजापासून आलेला गट या दोन गोष्टी एक नसतात, आणि प्रजाती म्हणून यातली दुसरी गोष्ट हवी. पण अनेक नावं रुळली आहेत. बर्नच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून चालणारा वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग ही जगभर प्रमाण मानली जाणारी यादी आहे, आणि तिथे मिर्माप्लाटा आणि टॉक्सियस स्वतंत्र प्रजाती म्हणून आहेत. वाटणीनंतरही मूळ घर रिकामं झालेलं नाही. मिर्मारॅक्नेत अजून दोनशेच्या जवळपास जाती आहेत.

या यादीत नाव कसं वाचायचं तेवढं शिकून घेतलं तर अर्धा गोंधळ संपतो. मिर्मारॅक्ने मराठा टिकादर, 1973 यात कंस नाही. म्हणजे टिकादर यांनी ही जाती ज्या प्रजातीत टाकली तिथेच ती आजही आहे. मिर्माप्लाटा प्लाटालेऑइडिस (ओ. पिकार्ड-केंब्रिज, 1869) यात कंस आहे. म्हणजे पिकार्ड-केंब्रिज यांनी सिलोनच्या नमुन्यांवरून वर्णन केलं तेव्हा प्रजाती वेगळी होती, नंतर जाती हलवली गेली. कंस म्हणजे ‘पत्ता बदलला आहे’ अशी खूण. पत्ता बदलला तरी लेखक आणि साल बदलत नाही. जातीच्या नावाचं मूळही तेच राहतं, फक्त शेवट प्रजातीच्या लिंगाप्रमाणे वळतो. मिर्मारॅक्ने स्त्रीलिंगी, टॉक्सियस पुल्लिंगी. म्हणून मिर्मारॅक्ने मॅग्ना टॉक्सियसमध्ये गेल्यावर टॉक्सियस मॅग्नस झाला. ‘मोठी’चा ‘मोठा’ झाला, एवढंच. ही जाती 2018 साली जगभर गाजली, कारण तिची मादी पिल्लांना अंगातून पाझरणारा दुधासारखा द्रव पाजते असं चीनमधल्या संशोधकांना आढळलं. पहिले वीसेक दिवस पिल्लं फक्त त्यावर जगतात आणि चाळीसेक दिवसांपर्यंत पीत राहतात. तेव्हाच्या बातम्यांत टॉक्सियस मॅग्नस हे नाव वाचलं आणि जुन्या लेखांत मिर्मारॅक्ने मॅग्ना, तर दोन वेगळे कोळी समजू नका.

मुखवट्यावरून गाव ओळखू नये

एवढी मोठी प्रजाती गोळा झाली याचं कारण म्हणजे मुंगीसारखं दिसणं ही गोष्ट डोळ्यात भरते. पण वर्गीकरणाला तीच सगळ्यात फसवी खूण आहे. मुंगीसारखं रूप फायद्याचं असतं, त्यामुळे ते वेगवेगळ्या वंशांत पुन्हा पुन्हा स्वतंत्रपणे घडतं. शिगम्यात दोन गावांतल्या दोघांनी हनुमंताचं सोंग घेतलं म्हणून ते एका घरातले ठरत नाहीत.

हुमल्यांचंच उदाहरण घ्या. पानं शिवणाऱ्या या मुंग्यांच्या प्रजातीचं नाव इकोफिला, आणि आज जगात तिच्या दोनच जाती आहेत. इकोफिला स्माराग्डिना भारतापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत, इकोफिला लाँगिनोडा उष्ण आफ्रिकेत. आशियात स्माराग्डिनाची नक्कल मिर्माप्लाटा प्लाटालेऑइडिस करतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये त्याच मुंगीची नक्कल मिर्मारॅक्ने स्माराग्डिना ही दुसरी जाती करते, जिचं वर्णन 2010 साली झालं. आफ्रिकेत लाँगिनोडाजवळ मिर्मारॅक्ने फीनिसेक्स असते. तीन खंड, एकाच घाटाची मुंगी, आणि नक्कल करणारे कोळी वेगवेगळे. अमेरिका खंडांत तर या जागी बहुतेक वेगळ्याच प्रजाती आहेत, सिनेमोसिना, सारिंडा, पेकॅमिया. दिसायला मिर्मारॅक्नेच्या जवळच्या, नात्याने दूरच्या.

उलटंही होतं. एकाच जातीची पिल्लं आणि मोठे कोळी वेगळ्या मुंग्यांची नक्कल करतात. लहान असताना अंगाच्या मापाची छोटी काळपट मुंगी, मोठं झाल्यावर मोठी तांबडी मुंगी. नर-मादीचे जबडे इतके वेगळे, की नुसत्या मादीवरून एक जाती आणि नुसत्या नरावरून दुसरी असं वर्णन होऊन बसण्याचा धोका कायम असतो.

म्हणून तज्ज्ञ मुखवटा बाजूला ठेवून जननेंद्रियं बघतात. कोळ्याच्या नराला तोंडाजवळ दोन छोटे स्पर्शपाद असतात, त्यांच्या टोकाला बोंडासारखा फुगीर अवयव असतो. मिर्मारॅक्ने आणि तिच्या भाऊबंदांत त्या गोल बोंडाभोवती एक बारीक नळी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेढे घेते. वेढे किती, नळीचं टोक कुठे सुटतं, शेजारच्या पेऱ्यावरचा काटा कसा वळलेला, यावर जाती ठरते. मादीत पोटाच्या खालच्या बाजूला एपिगाइन नावाची कडक चकती असते, तिच्या आतल्या नळ्यांची वळणं बघतात. हे अवयव शिकाऱ्याच्या नजरेत येत नाहीत, त्यामुळे मुंगीची नक्कल त्यांना वळण लावत नाही. याच कारणाने ते नात्याची साक्ष जास्त खरी देतात. त्याच्या जोडीला नराच्या जबड्यांवरचे दात आणि आता डीएनए.

नकाशा कुणाचा

प्रजातीचा पसारा सांगायचा तर आधी ‘कोणती प्रजाती’ हे विचारावं लागतं, कारण वाटणी झाली की नकाशाही वाटला जातो. व्यापक अर्थाने, म्हणजे 2016 पूर्वीची मिर्मारॅक्ने, आफ्रिकेपासून भारत, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली. दाटी उष्ण पट्ट्यात. युरोपच्या थंडीत टिकलेली मिर्मारॅक्ने फॉर्मिकारिया, जिचं वर्णन 1778 साली झालं, तिकडून पूर्वेला जपानपर्यंत जाते. हीच जाती 2001 साली अमेरिकेतल्या ओहायोत सापडली. तिथे ती बाहेरून आलेली आहे.

मिर्माप्लाटा मात्र दक्षिण आणि आग्नेय आशियापुरता. भारत, श्रीलंका, पुढे चीन आणि मलेशियापर्यंत. त्यात जाती थोड्याच. म्हणजे वाटणीआधी जो ठिपका अनेक खंडांच्या नकाशातला एक होता तो आता एका छोट्या नकाशातला मुख्य ठिपका झाला. कोळी जागचा हलला नाही.

दुसरी गोष्ट, ठिपके कोळ्यांचे असतात तसे शोधणाऱ्यांचेही असतात. जातींच्या नावात सातारा आणि पुणे आहेत आणि गोव्यातली फोंडा किंवा वाळपई नाहीत, याचा अर्थ हे कोळी घाटावरच राहतात असा नाही. नमुने गोळा करणारे तिथे गेले एवढाच अर्थ. गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राण्यांच्या मोजदादीबाहेर राहिला. नकाशावर 3,702 चौरस किलोमीटरचा हा तुकडा कोरा दिसला तर तो ‘नाही’ म्हणून वाचू नये. खाली सडा म्हणजे जांभ्या दगडाची पठारं, मध्ये कुळागरं म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, वर सत्तरी-सांग्याची दाट रानं, इतक्या जवळजवळ बदलणाऱ्या जागेत मुंग्याही भरपूर आणि त्यांची सोंगंही.

गोव्यात शोधायचं तर

मुंगी शोधा, कोळी आपोआप भेटेल. हुमल्यांसाठी काजू, आंबा, जांभूळ, कुळागराची कड. काजूच्या बागायतीत हुमले ढेकण्या किडीलाही आवरतात, त्यामुळे फवारणी न झालेल्या बागेत घरटी आणि कोळी दोन्ही जास्त. मिर्माप्लाटा घरट्यावर नाही, घरट्यापासून थोडं दूर, मुंग्यांची वर्दळ तुरळक असते अशा फांद्यांवर आणि पानांवर बघा. पानाच्या खोलगट पृष्ठावर पांढऱ्या रेशमाची छोटी चपटी पिशवी दिसली तर तिथे मादी असण्याची शक्यता मोठी. मादी 6 ते 7 मिलिमीटर, नर जबड्यांसकट 9 ते 12.

दुसरी मुंगी टेट्रापोनेरा रूफोनायग्रा. छाती तांबडी, डोकं आणि पोट काळं, सुक्या लाकडात राहते, डंख जबर. मिर्मारॅक्नेच्या काही जाती हाच दुरंगी वेष घेतात. या मुंगीच्या कमरेला दोन गाठी असतात, हुमल्याच्या आणि मुंगळ्याच्या कमरेला एकच. काळ्या मुंगळ्यांच्या वाटेवर काळे मिर्मारॅक्ने शोधा. इथे नजर लवकर थकते.

फसगत कुठे होते? सगळ्यात जास्त अमायसिया फॉर्टिसेप्स या खेकडा-कोळ्यामुळे. तोही हुमल्याचा रंग घेतो, पण तो हुमले मारून खातो. त्याच्या पोटाच्या मागच्या टोकावर दोन काळे ठिपके असतात, ते मुंगीच्या डोळ्यांसारखे दिसतात, म्हणजे त्याचं सोंग उलटं, शेपटीकडून. हुमला तोंडात धरून धाग्याला लटकलेला ‘हुमला’ दिसला तर तो बहुधा हाच, मिर्माप्लाटाचा नर नव्हे. समोरून बघा, मोठे दोन डोळे नसतील तर साल्टिसिडी नाही. दुसरा सायलर, हा उडी-कोळीच, पुढचे पाय मिशांसारखे हलवतो, पण अंगाला खाच नाही, कंबर नाही, रंग निळे-लाल चमकदार. वागणूक मुंगीची, अंग कोळ्याचं. आणि जबडे लहान म्हणून प्रत्येक वेळी ‘मादी’ लिहू नका. वयात न आलेल्या नराचेही जबडे लहानच असतात. स्पर्शपादांची टोकं फुगलेली दिसली तर तो एका कातीवर आलेला नर.

फोटो एक काढून भागत नाही. वरून एक, ज्यात कंबर आणि शिरोवक्षाची खाच दिसेल. बाजूने एक. समोरून डोळ्यांचा. शक्य झाल्यास पोटाखालून, त्यासाठी कोळी पारदर्शक डबीत क्षणभर घेऊन खालून फोटो काढा आणि त्याच पानावर सोडा. नर असेल तर स्पर्शपादाचा जवळून. डबीखाली मिलिमीटरचा आलेख-कागद ठेवला की माप फुकटात मिळतं. सोबत तारीख, गाव, झाडाचं नाव, जमिनीपासूनची उंची आणि जवळ कोणती मुंगी होती ते लिहा. मुंगीचा वेगळा फोटो काढायला बहुतेक जण विसरतात, आणि नंतर ‘हे कुणाचं सोंग’ याला उत्तर उरत नाही.

नाव देताना पायरी ओळखून थांबा. हुमल्याच्या वेषातला, समोर मोठे डोळे असलेला, लांब कमरेचा गोव्यातला कोळी मिर्माप्लाटा प्लाटालेऑइडिस म्हणून नोंदवायला हरकत नाही. काळ्या किंवा दुरंगी कोळ्याला फोटोवरून जातीचं नाव देणं म्हणजे बहुतेक वेळा अंदाज. तिथे ‘मिर्मारॅक्ने, जाती अनिश्चित’ असं लिहिणं जास्त कामाचं, आणि पिल्लू असेल तर जमातीवर, मिर्मारॅक्निनी म्हणून, थांबावं. इंटरनेटवरच्या नोंदींत एकाने घातलेलं चुकीचं जातीचं नाव दुसरा बघून उचलतो आणि नकाशावर जे ठिपके उगवतात ते पुसायला वर्षं जातात.

नमुना गोळा करणं हे वेगळं काम. गोव्यात सहा अभयारण्यं आणि एक राष्ट्रीय उद्यान आहे. मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, कुठेही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय कोळी उचलता येत नाही, 1972 चा वन्यजीव कायदा तिथे लागू आहे. परवानगी असलेल्या अभ्यासकाने नमुना 70 ते 75 टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा. डीएनए काढायचा असेल तर 95 टक्क्यांच्या वर आणि थंडीत. पण तीव्र इथेनॉलमध्ये अंग कडक होऊन पाय तुटतात, म्हणून एकाच जागचे दोन नमुने असतील तर एक-एक वेगळ्या बाटलीत ठेवलेला बरा. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकावी, बाहेर चिकटवलेली पावसाळ्यात बुरशी खाते. मादीची एपिगाइन बघायची तर ती चकती सुईने सोडवून लॅक्टिक आम्लात किंवा लवंग तेलात ठेवतात, म्हणजे वरचा भाग पारदर्शक होऊन आतल्या नळ्या दिसतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइड लवकर साफ करतं, पण जास्त वेळ ठेवलं तर कोवळ्या नळ्याही विरघळतात. नराचा डावा स्पर्शपाद काढून त्याचं चित्र करायची जुनी रीत आहे. उजवा काढला तर सगळी चित्रं आरशातल्यासारखी उलटी येतात आणि छापील चित्रांशी जुळवताना वेढे उलट्या दिशेने मोजले जातात.

काठी मारून फांदी हलवू नका, पान तोडू नका. हुमल्यांचं घरटं हललं की ते तुमच्या अंगावर चढतील, आणि त्या धांदलीत तुम्ही ज्याच्यासाठी आलात तो धाग्यावरून कधीच खाली उतरलेला असेल. फांदीखाली उलटी छत्री धरा. उतरलेला कोळी बहुतेक वेळा तिच्यात सापडतो, सोबत दहा-बारा खरे हुमले असतात, आणि पुन्हा डोळे बघूनच निवडावं लागतं.